वयामुळे मिळणारी वागणूक: सात दिवसांची नोंदवही (मदत हवी आहे)

ओसरी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आता वय ६३. भाची समाजशास्त्रात एम.ए. करतेय. तिला प्रकल्पाला विषय हवा होता आणि मला उद्योग. विषय ठरला: रोजच्या जगण्यात निव्वळ वयावरून माणसाला वेगळी वागणूक मिळते ती कुठे आणि कशी.

पहिल्या फेरीत आम्ही सपशेल आपटलो. एक पानी प्रश्नावली केली. पहिलाच प्रश्न, 'वयामुळे आपल्याशी भेदभाव झाला आहे का?' पुढे हो-नाहीच्या चौकटी. सकाळी बागेतल्या कट्ट्यांवर वाटल्या. परत आलेल्या कागदांवर जवळजवळ सगळीकडे 'नाही'. भाचीचं तोंड एवढंसं झालं.

कागद गोळा करताना एक गृहस्थ म्हणाले, "चला, निघतो. बँकेत जायचंय, मुलगा रजा टाकून आलाय." मी सहज विचारलं, मुलाचं काय काम? तर गेल्या वेळी काउंटरवरच्या मुलाने सांगितलं होतं, काका, पुढच्या वेळी घरातल्या कुणाला तरी घेऊन या, तुम्हाला नाही समजायचं. या गृहस्थांनी तीस वर्षं एका कारखान्याचे जमाखर्च लिहिले आहेत. मी म्हटलं, मग हे कागदावर का नाही आलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही वेडगळ बोलले. "यात भेदभाव कुठला? चांगला मुलगा होता. काका म्हणत होता."

त्या 'काका'पाशी आमची गाडी अडली आहे. भेदभाव म्हटलं की आपल्या माणसाला वेगळा पाणवठा आठवतो, वेगळी कपबशी आठवते. (आठवायलाच हवी.) "राहू द्या हो, आम्ही करतो" हे त्या खात्यात जमाच होत नाही, कारण ते मायेच्या आवाजात बोललेलं असतं.

वाचायला लागले तेव्हा कळलं की ही अडचण जुनी आहे. 'एजिझम' (वयावरून भेद) हा शब्द रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६९ मध्ये रूढ केला. निमित्त अगदी आपल्या सोसायटीच्या सभेत शोभावं असं: वॉशिंग्टनच्या चेव्ही चेस भागात गरीब वृद्धांना एका इमारतीत घरं द्यायला तिथल्या सुखवस्तू रहिवाशांचा विरोध. पुढे २००१ मध्ये अर्डमन पाल्मोर यांनी वीस प्रसंगांची यादीच लोकांपुढे ठेवली. हे तुमच्या बाबतीत घडलंय का, आणि किती वेळा? सगळ्यात जास्त खुणा पडल्या त्या म्हातारपणावरच्या विनोदापुढे. मिशिगन विद्यापीठाने २०१९ च्या अखेरीस ५० ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांना अशाच साध्यासुध्या गोष्टी विचारल्या. जे काम मी स्वतः करू शकतो त्यात लोक जबरदस्तीने मदत करतात का, मला मोबाइल जमत नाही असं धरून चालतात का, वगैरे. यातली किमान एक तरी गोष्ट नेहमी वाट्याला येते असं ८२ टक्के लोक म्हणाले. हेच लोक 'भेदभाव झाला का' या प्रश्नाला काय म्हणाले असते कोण जाणे.

तर मदत हवी ती अशी. सात दिवस एक वही जवळ ठेवा. वयावरून कुणी काही बोललं, टाळलं, ठरवून टाकलं की लिहा: कुठे, समोरचा कोण (नाव नको, 'दुकानदार', 'सून', 'कंडक्टर' पुरे), नेमके शब्द काय, आणि तुम्ही काय केलंत. शब्द जसेच्या तसे हवेत, तुमचं मत नंतर. बँकेचं, दवाखान्याचं, कंपनीचं नाव कृपया टाकू नका. इथे नको असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दिडदमडी | सोमवार, रात्री ९.३२

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझं वय २६. चालतंय का, की 'अजून लहान आहेस' म्हणून धाग्याबाहेर? :)

ओसरी | सोमवार, रात्री ९.४५

चालतंय नव्हे, हवंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल बघा. जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांबद्दल आकस आहे हे त्यातलं वाक्य सगळीकडे फिरलं. त्याच अहवालात हेही आहे की युरोपात वयावरून वाईट वागणूक मिळाल्याची तक्रार इतर वयोगटांपेक्षा तरुण जास्त करतात. १८ च्या पुढचे सगळे या.

पाटपाणी | सोमवार, रात्री १०.२०

माझी नाही, आईची नोंद. चालत असेल तर धरा.

आई ७४. गुडघा दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर पूर्ण वेळ माझ्याशी बोलत होते. "यांना शुगर आहे का? या जिने चढतात का? यांना झोप लागते का?" आई समोर, हातभर अंतरावर. दोनदा तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी आधी बोलून मोकळी झाले. शेवटी तिने विचारलं, "डाव्याच गुडघ्याला का होतं मग?" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, आता वय झालं, दुखणारच."

आई बाहेर येऊन म्हणाली, "उजव्याचं वयही तेवढंच आहे."

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०.४१

@पाटपाणी, आईंना दंडवत. हे वाक्य आमच्या वॉर्डात फ्रेम करून लावतो.

मी स्वतः डॉक्टर आहे, वय २७, सरकारी रुग्णालयात निवासी. माझ्या वहीत रोज एकच वाक्य येणार: "मोठे डॉक्टर कधी येतील?" पेशंटला तपासतो, सलाइन लावतो, औषध लिहितो, मग नातेवाईक कानाशी येऊन विचारतात, "बाळा, मोठे डॉक्टर?" बरोबरीची मैत्रीण आहे तिला तर डॉक्टरही कुणी म्हणत नाही, 'सिस्टर' म्हणतात. तिचं वय मोजायचं की बाई असणं मोजायचं, ते तुम्ही ठरवा.

आणि कबुलीही देतो. 'वय झालं, दुखणारच' मी स्वतः म्हटलेलं आहे. ओपीडीत शंभरावा पेशंट असतो तेव्हा ते सगळ्यात कमी वेळात संपणारं निदान असतं.

टांगेवाला | मंगळवार, सकाळी ६.०५

वय ७१, मुक्काम सातारा. मला असलं काही होत नाही. माणसाने ताठ राहिलं की कुणाची टाप नसते. हे एजिझम वगैरे अमेरिकेतून आणलेलं खूळ आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. आणि एक सांगा, एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट घ्यायचं, ७५ नंतर फुकट फिरायचं, आणि वर म्हणायचं आम्हाला वयावरून वेगळं वागवू नका? दोन्ही डगरींवर हात?

दिडदमडी | मंगळवार, सकाळी ९.१५

काका, मुद्दा चांगला आहे, पण सवलत आणि गृहीत धरणं यात फरक नाही का? रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली. पुरुषांना ६० नंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के होती. ती गेली म्हणून तिकीट खिडकीवरचं "आजोबा, लवकर बोला, मागे लाइन आहे" काही गेलं नाही.

टांगेवाला | मंगळवार, सकाळी ९.२२

इथे मला काका म्हणू नका. आयडीने बोला. तुमचा-माझा कुठला घरोबा?

दिडदमडी | मंगळवार, सकाळी ९.२४

सॉरी टांगेवाला. (ही नोंद धरायची का, ओसरी?)

ओसरी | मंगळवार, सकाळी ११.००

धरली.

@टांगेवाला, तुमचा सवलतीचा प्रश्न मी टाळत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातही त्यावर वाद झालाय. माझ्यापुरतं उत्तर असं: एसटीत वय आधार कार्डावर बघतात, अक्कल बघत नाहीत. तिथे नियम आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे, नको म्हणता येतं. काउंटरवरच्या 'तुम्हाला नाही समजायचं'ला नको कसं म्हणायचं? पण हे माझं मत झालं. वहीत मत नको, प्रसंग हवा.

झुळूक | मंगळवार, दुपारी १.३०

किती छान उपक्रम! आणि आजी, या वयात तुम्ही मोबाइलवर एवढं मोठं मराठी टाइप करता, खरंच कौतुक आहे तुमचं!! पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १.३३

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

ओसरी | मंगळवार, दुपारी २.१०

झुळूक, रागावले नाही हं. पण तुमची परवानगी असेल तर हा प्रतिसाद वहीत घेते. मी संगणकावर टाइप करते, १९९८ पासून.

झुळूक | मंगळवार, दुपारी २.१८

अगं बाई. घ्या घ्या. खरंच चांगल्या मनाने लिहिलं होतं.

ओसरी | मंगळवार, दुपारी २.२०

तेच तर. चांगल्या मनाने म्हणूनच कागदावर 'नाही' येतं.

पाटपाणी | मंगळवार, दुपारी ३.०५

अवांतर: याला मराठीत काय म्हणायचं? वयभेद? वयवाद?

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी ३.४०

'वयवाद' म्हणजे वयावरून वाद घालणं वाटतं, वरचा धागा बघता तेही बरोबर. 'वयभेद' त्यातल्या त्यात बरा. मात्र आपल्याकडे वस्तूला नाव नसलं तरी शिव्यांचा तुटवडा कधीच नव्हता. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, थेरडा, घोडनवरी, मिसरूड फुटलं नाही, शेंबडं पोर, लिंबूटिंबू. काळ सोकावू नये म्हणून ज्या म्हणीत आपण एवढे जागरूक, तिथेही मरते म्हातारीच, आणि तिचं दुःख नसतं.

घरटी_एक | मंगळवार, रात्री ११.५०

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी सहा-सात वर्षं सर्व्हेवाली होते. मराठवाडा, विदर्भ, थोडं खानदेश. मोठ्या मोठ्या सर्वेक्षणांसाठी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, टॅबवर उत्तरं भरायची. ज्येष्ठांचीही सर्वेक्षणं केली.

ओसरीताईंच्या कागदावर 'नाही' का आलं ते मला विचारा.

पहिलं म्हणजे आम्ही एकटं कुणाला भेटूच शकत नव्हतो. 'मुलाखत एकांतात घ्या' असं प्रशिक्षणात सांगतात. घर दोन खोल्यांचं, आजी खाटेवर, सून चुलीपाशी, नातू आमच्या टॅबमध्ये डोकं घालून. आजीला विचारलं, "तुम्हाला घरात मान मिळतो का?" तर सून तिथूनच म्हणते, "सांगा की, सगळं देतो म्हून." आजी म्हणते, "सगळं देत्यात." टॅबवर मी 'हो' दाबते. आकडा तयार.

दुसरं, पुष्कळदा म्हाताऱ्या माणसाऐवजी दुसराच बोलतो. "त्यांना काय विचारता, त्यांना ऐकू येत नाही, मला विचारा." ऐकू येत असतं. मुलाखत द्यायला बसलेल्या माणसाला बाजूला सारून त्याच्याबद्दलची मुलाखत पूर्ण होते! त्या क्षणाला टॅबमध्ये चौकट नसते.

तिसरं मला उशिरा कळलं. 'कधी', 'किती वेळा', 'गेल्या वर्षभरात' असे प्रश्न विचारले की माणूस घराण्याची इज्जत सांभाळून बोलतो. 'काल' विचारलं की काल सांगतो. एकदा टॅबची बॅटरी गेली, चार्जिंगला लावून मी उगाच गप्पा मारत बसले. म्हटलं, आजी, काल काय काय केलं? म्हणाली, सकाळी चहा मागितला, तर म्हणे आत्ताच तर झाला. टीव्ही बघत होते, तर नातवाने उठून दुसरं लावलं, विचारलं नाही. दुपारी भाजी निवडायला घेतली तर सुनेने ताट उचललं, राहू द्या, तुमच्याच्यानं आळ्या दिसत नाहीत. शेजारीण आली, मी घरात असताना सुनेला विचारते, म्हातारी कशी आहे? एवढं सगळं एका दिवसात. अर्ध्या तासापूर्वी त्याच आजीने मला टॅबवर सगळं 'कधीच नाही' सांगितलं होतं.

तेव्हा ताई, पहिला प्रश्न खोडा. 'काल' विचारा. उठल्यापासून झोपेपर्यंत.

ओसरी | बुधवार, सकाळी ७.१५

रात्री बाराला हे वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. प्रश्न खोडला.

मोजपट्टी | बुधवार, सकाळी १०.३०

@घरटी_एक, उत्तम प्रतिसाद. थोडी भर. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांबरोबर केलेलं 'लासी' सर्वेक्षण (पहिली फेरी २०१७-१८, ४५ च्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त लोक) भेदभाव असा मोघम प्रश्न विचारत नाही. इतरांपेक्षा कमी आदराने वागवतात का, दुकानात वाईट सेवा मिळते का, तुम्हाला अक्कल नाही असं धरतात का, दवाखान्यात वाईट वागवतात का, अशा ओळीने गोष्टी विचारतात. आणि मग विचारतात, हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? वय, लिंग, धर्म, जात, आर्थिक परिस्थिती अशी कारणांची यादी असते.

तुमच्या वहीत हा शेवटचा रकाना नाहीये, आणि खरी मारामारी तिथेच आहे. रात्रपाळींच्या मैत्रिणीला सिस्टर म्हणतात ते वयामुळे का? पाटपाणींच्या आईला डॉक्टर विचारत नाहीत ते ७४ म्हणून, बाई म्हणून, की नऊवारीत म्हणून? त्याच वयाचे निवृत्त न्यायाधीश तिथे बसले असते तर डॉक्टर मुलाकडे बघून बोलले असते?

पाटपाणी | बुधवार, सकाळी १०.५२

आई नऊवारी नेसत नाही. पंजाबी ड्रेस घालते. तुम्हीही धरून चाललात ना? :)

मोजपट्टी | बुधवार, सकाळी १०.५५

शरण. लिहा वहीत.

बांधावरून | बुधवार, संध्याकाळी ७.४०

बीड जिल्हा. आमच्या गल्लीत एक मावशी आहे, ऐंशीच्या आसपास, एकटीच. रेशनला जाते. मशीनवर थम लागत नाही. आयुष्यभर खुरपणी आणि खडी फोडायचं काम, बोटाच्या रेघा उरल्याच नाहीत. दुकानदार म्हणतो उद्या ये. उद्या गेली की म्हणतो नेट नाही, परवा ये. तरण्या माणसाला असं परत पाठवलं तर तो तिथं उभा राहून बोंब मारतो. म्हातारी परत जाते, हे त्याला ठावं आहे.

पूर्वी रोजगार हमीवर पण तेच. कायद्यात वयाची वरची अट नव्हती. पण खड्डा मोजून पैसे म्हटल्यावर गँग म्हातारीला आपल्यात घेत नसे. मुकादम वाईट बोलत नसे. "मावशी, तुम्ही सावलीत बसा, पाणी द्या." पाण्याचं काम एकच, सावलीत बसणाऱ्या चार.

आता सांगा, हे वय, का बाई, का गरिबी, का मशीन?

मोजपट्टी | बुधवार, संध्याकाळी ८.१०

यावर सुटं उत्तर नाही. मावशींनाच विचारा, त्या काय म्हणतात.

बांधावरून | गुरुवार, सकाळी ८.००

विचारलं. म्हणाली, "कुणी नसल्यामुळं." तुमच्या यादीत आहे का हे कारण?

ओसरी | गुरुवार, सकाळी ९.३०

नव्हतं. रकाना मोकळा ठेवते, छापील कारणं काढून टाकते.

बेंचवर | गुरुवार, दुपारी १२.१५

पुणे, आयटी, वय ४७. चार महिन्यांपूर्वी नारळ मिळाला. मुलाखतींच्या नोंदी देतो, शब्द जसेच्या तसे.

"सर, आमची टीम फार यंग आहे, तुम्हाला ऑकवर्ड होईल." (मला नाही झालं, त्यालाच होत होतं.)
"तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात."
"तुमचा मॅनेजर तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, चालेल ना?" हो म्हटलं. "नाही, आत्ता म्हणाल हो."

मी काय केलं: बायोडेटातून पदवीचं साल काढलं. पहिल्या दोन नोकऱ्या काढल्या. केस काळे केले. साल काढल्यावर फोन वाढले, हे खरं. पण व्हिडिओ कॉल सुरू झाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. घरी बापाला वाटतं पोरगा अजून लहान आहे, बाजारात म्हातारा झालो.

पुढची_तारीख | गुरुवार, दुपारी ३.३५

वकील आहे, म्हणून दोन ओळी कोरड्या. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करायला मनाई आहे. त्या यादीत वय नाही. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः निर्वाह आणि मालमत्तेबद्दल बोलतो, काउंटरवरच्या वागणुकीबद्दल नाही. अमेरिकेत ४० च्या पुढच्यांसाठी नोकरीत वयावरून भेद करू नये असा कायदा १९६७ पासून आहे. @बेंचवर, तुमच्या वाक्यांवर तिथे वकिलांची चंगळ झाली असती. इथे खासगी नोकरीत जाहिरातीतच 'वय ३० पर्यंत' छापतात आणि कुणाला काही वाटत नाही. राज्याच्या सरकारी भरतीत तर वयोमर्यादा हाच नियम, खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३.

आपल्याकडचा गाजलेला खटला एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा, १९८१. हवाई सुंदरींना पस्तिशीत निवृत्ती, त्याआधी पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी गेली. पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती मर्जी, दोन्ही रद्द केलं. पस्तीस हे वय मात्र तेवढ्याने मनमानी ठरलं नाही. आणि तो खटला वयाचा म्हणायचा की बाईपणाचा, यावर अजून निबंध लिहितात. मोजपट्टींचा रकाना तिथेही मोकळाच.

धुकं | गुरुवार, रात्री १०.४५ (इथे संध्याकाळ)

लंडनहून. इथे २०१० च्या समानता कायद्यात वय आहे, तरी आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात साठीवरच्यांना स्वागताच्या खुर्च्याच मिळतात, निवेदन कधी नाही. असो.

सांगायचं होतं ते वेगळं. लोकांनाच वही लिहायला लावायची ही कल्पना इथे १९३७ मध्ये निघाली. 'मास ऑब्झर्वेशन' नाव. एक मानववंशशास्त्राचा नादिष्ट, एक कवी, एक चित्रपटकार यांनी मिळून सुरू केलं. सामान्य माणसांनी ठरलेल्या तारखेला दिवसभर काय झालं ते लिहून पाठवायचं. युद्धकाळात किती तरी जणांनी रोजनिश्या लिहिल्या. १९८१ मध्ये ससेक्स विद्यापीठातून ते पुन्हा सुरू झालं, आजही चालू आहे. वर्षातून काही वेळा विषय पाठवतात, लोक हवं तेवढं लिहितात.

त्यांची नमुना निवड नीट नाही अशी टीका सुरुवातीपासून झाली. ज्यांना लिहायची हौस आहे तेच लिहितात. आज इतिहासकार त्याच कागदांवर जगतात.

मोजपट्टी | शुक्रवार, सकाळी ९.०५

मी तेच म्हणणार होतो. ताई, कृपा करून शेवटी 'इतके टक्के ज्येष्ठांना वयभेदाचा अनुभव' असं लिहू नका. या धाग्यावर येतात ते मराठी टाइप करणारे, वेळ असणारे, आणि ज्यांना काहीतरी खुपलंय असे. बांधावरूनच्या मावशी इथे दुसऱ्याच्या तोंडून आल्या.

ओसरी | शुक्रवार, सकाळी ९.४०

टक्केवारी देणारच नाही. गणित शिकवलंय, हौशी नमुन्यावर टक्के काढणाऱ्यांचे मार्क मी कापलेत. आम्हाला प्रसंगांची यादी हवी आहे, मराठी घरात आणि मराठी रस्त्यावर घडणारी. ती यादी नीट झाली की ती घेऊन भाची आणि तिच्या मैत्रिणी वस्त्यांमध्ये बसतील, चाळीत बसतील, लिहून घेतील. मोजायचं काम त्यानंतर कुणी केलं तर.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी २.००

एक अमेरिकन बाई होती, पॅट मूर. उत्पादनांची आखणी करणारी. १९७९ मध्ये, वय २६, मेकअप करून, कान बुजवून, पायांना पट्ट्या बांधून ऐंशीच्या पुढची म्हातारी झाली आणि तीन वर्षं शंभरावर शहरांत फिरली. तसं काही करता येईल का? तरुणांना वेश देऊन बँकेत पाठवू.

ओसरी | शुक्रवार, दुपारी २.३०

आमच्या संघात वेश आयताच तयार आहे, मेकअपचा खर्च नाही. उलटं, म्हणजे म्हाताऱ्यांनी तरुण होऊन जायला मजा येईल, पण ते कुणी शिकवत नाही.

ओसरी | रविवार, रात्री ८.२०

आता माझी स्वतःची नोंद. दोन दिवस टाकू की नको करत होते.

शुक्रवारी नवीन पद्धतीने, 'काल' विचारत, शेजारच्या इमारतीतल्या ८४ वर्षांच्या बाईंकडे गेले. त्या सावकाश बोलतात. मी विचारलं, काल दुपारी काय केलंत? त्या म्हणाल्या, "दुपारी..." आणि थांबल्या. मी पेन टेकवून म्हटलं, "झोपलात, हो ना?" आणि 'विश्रांती' लिहून पुढच्या प्रश्नाला लागले. चार प्रश्न झाल्यावर त्या म्हणाल्या, "झोपले नव्हते. शब्दकोडं सोडवत होते. आडवा सातवा अडला होता, तो आठवत होते तुम्ही विचारलंत तेव्हा."

कुठे: त्यांच्या घरी. समोरचा कोण: संशोधक. नेमके शब्द: 'झोपलात, हो ना?' त्यांनी काय केलं: चार प्रश्न वाट बघितली.

पाटपाणी | रविवार, रात्री ८.३१

_/\_

घरटी_एक | रविवार, रात्री ९.००

ताई, दहापर्यंत मोजायचं. मनातल्या मनात. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण दहापर्यंत मोजलं की म्हातारं माणूस बोलतं.

टांगेवाला | सोमवार, सकाळी ५.५५

वही ठेवली. माझ्याबाबत काही घडलं नाही हे पुन्हा सांगतो. पण 'आपण कुणाला असं केलं' हे तुम्ही लिहायला सांगितलं नाही, फक्त 'आपल्याला काय झालं' एवढंच. तेव्हा लिहितो. नातू २२ चा आहे, शेतीचं शिकलाय. ठिबकचा पाइप कुठून न्यावा ते सांगत होता. मी म्हटलं, "तू गप, तुला काय कळतं, काल जन्मलास." पाइप मी सांगितला तिथून नेला. हे धरायचं असेल तर धरा. पाइप कुठून न्यायला हवा होता ते विचारू नका.

दिडदमडी | सोमवार, सकाळी ९.१०

कुठून न्यायला हवा होता, टांगेवाला?

टांगेवाला | सोमवार, सकाळी ९.१३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ओसरी | सोमवार, दुपारी १२.३०

नवा कागद तयार झाला आहे. एकच मोठा प्रश्न: 'काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते सांगा.' त्याखाली मोकळ्या ओळी. मग चार छोटे प्रश्न: कुणी तुमच्याऐवजी उत्तर दिलं का? तुमच्या हातातलं काम काढून घेतलं का? 'तुम्हाला/तुला नाही कळणार' असं म्हणालं का? तुम्ही कुणाला असं काही म्हणालात का? (हा टांगेवालांमुळे.) शेवटी, 'असं का झालं असेल?' आणि मोकळी जागा. मुलाखत घेणाऱ्यासाठी वर बारीक अक्षरात: दहापर्यंत मोजा.

छपाईला देण्याआधी सूचना असतील तर आजच सांगा.

झुळूक | सोमवार, दुपारी १२.४२

अक्षरं मोठी ठेवा हं, ज्येष्ठांना वाचायला... नको, काही नाही.

बेंचवर | सोमवार, दुपारी १२.५०

मोठी ठेवाच. मला ४७ व्या वर्षी लागतात.

ओसरी | सोमवार, दुपारी १.०५

दोन्ही छापते. ज्याला जो हवा तो त्याने उचलायचा, आपण हातात द्यायचा नाही. पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला बागेत वाटप आहे, डोंबिवली-ठाण्याकडचे कुणी येणार असाल तर व्यनि करा. एका टेबलाची आणि दोन माणसांची गरज आहे. वयाची अट नाही, टेबल उचलता यायला हवं.